लॅपटॉपचं वायफाय बेडरूममध्येच तुटतं, फोन मात्र तिथेच नीट चालतो

पावसाळी

विंडोज ११चा लॅपटॉप. घरात फायबर, १५० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीने दिलेला डबा (फायबरची वायर जिथे येते तो ओएनटी आणि राउटर एकत्रच) हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आहे. बेडरूममध्ये मीटिंग चालू असली की मध्येच आवाज तुटतो, चित्र गोठतं. कधी खाली कोपऱ्यात पृथ्वीचं चिन्ह येऊन 'इंटरनेट नाही' असं दिसतं आणि अर्ध्या-एक मिनिटात आपोआप परत सुरू होतं. त्याच टेबलावरचा फोन तेव्हा बिनतक्रार चालू असतो. स्पीड टेस्टला फोनवर १२०च्या आसपास, लॅपटॉपवर ३० ते ३५.

दुसरी तक्रार वेगळी आहे की त्यातलीच, माहीत नाही. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडला की वायफायचं बटणच गायब असतं. रीस्टार्ट केलं की येतं.

नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं, सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेट केलं, राउटर बंद करून चालू केला. फरक शून्य. कस्टमर केअरचं उत्तर, 'आमच्या बाजूने ओके आहे.'

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस या कमांडने बेडरूममध्ये हे दिसतं: रेडिओ टाइप ८०२.११एन, बँड २.४ गिगाहर्ट्झ, चॅनल ९, रिसीव्ह रेट ६५ ते ७२.२च्या मध्ये हलतो, सिग्नल ६२ टक्के. लॅपटॉपला यूएसबी हब आहे, त्यावर बाहेरची हार्ड डिस्क आणि वायरलेस माउसचा रिसीव्हर. राउटरवर दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव आहे.

नवीन राउटर घ्यायच्या आधी काय तपासू?

तारवाला

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नाहीतर इथे 'नेट चालत नाही, काय करू' एवढंच येतं आणि पुढची वीस उत्तरं अंदाजपंचे दाहोदर्से.

आधी त्या पृथ्वीच्या चिन्हाबद्दल. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली टेक्स्ट फाइल मागवून बघतं. ती वेळेत आली नाही की हे चिन्ह लावून मोकळं होतं. व्हीपीएन किंवा जुनी प्रॉक्सी अडकून राहिली असेल तर नेट धड चालू असतानाही ते दिसतं. त्यामुळे बिघाड लॅपटॉपात आहे, हवेत आहे की रस्त्यावरच्या केबलमध्ये, हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरवायला कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत पिंग १९२.१६८.१.१ -टी, दुसरीत पिंग ८.८.८.८ -टी. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. पहिला पत्ता तुमच्या राउटरचा, दुसरा बाहेरचा, गूगलचा. आयपीकॉन्फिग टाइप केल्यावर 'डीफॉल्ट गेटवे'समोर जो दिसेल तो घ्या. (कमांडा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि आकडे.) मीटिंग चालू करा आणि आवाज तुटेल त्या क्षणी दोन्हीकडे बघा.

राउटरचा पिंग ५-१० मिलिसेकंदांवर शांत आहे आणि फक्त ८.८.८.८चा ४००-५००वर गेला, तर वायफायला दोष देऊ नका. पुढची लाइन भरली आहे. घरातला कुणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप वर पाठवत असतो, किंवा सीसीटीव्ही कॅमेरा. दोन्ही पिंग एकदम बिघडले तर लॅपटॉप ते राउटर हाच टप्पा आजारी. दोन्ही स्वच्छ आणि तरी साइट उघडत नसेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय. अडॅप्टरच्या आयपी सेटिंगमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरून बघा.

पिंगचे शब्दही वाचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पाठवलं, पण मुदतीत उत्तर आलं नाही. 'जनरल फेल्युअर' म्हणजे विंडोजला पाठवताच आलं नाही, तिथे ड्रायव्हर किंवा अडॅप्टर बघायचा.

आता तुमचे आकडे. ७२.२ हा आकडा ओळखीचा आहे. २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलमध्ये एका अँटेनाला ८०२.११एनमध्ये मिळणारा तो कमाल लिंक रेट. दोन अँटेना असत्या तर १४४.४ दिसला असता. लिंक रेटच्या साधारण निम्मं प्रत्यक्ष हातात पडतं, म्हणजे तुमचे ३०-३५ अगदी हिशेबात बसतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असणार, म्हणून त्याला १२०. प्लॅन कितीचाही घ्या, लॅपटॉप या बँडवर आहे तोवर ३५च्या फार पुढे जाणार नाही.

सिग्नल ६२ टक्के: विंडोजच्या टक्केवारीचं निम्मं करून त्यातून १०० वजा केले की डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) मिळतात. इथे उणे ६९. व्हिडिओ कॉलला उणे ६७ किंवा त्याहून बरा सिग्नल असावा असा संकेत आहे, तेव्हा तुम्ही काठावर आहात. वाईट नाही, पण जरा कुठे गोंगाट वाढला की बुडालात.

आणि चॅनल ९ बदलाच. २.४मध्ये चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर मांडलेत पण प्रत्येकाची रुंदी २०. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. दोन राउटर एकाच चॅनलवर असले तर ते एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. नवावर बसलं की सहाचे आणि अकराचे दोघंही अर्धवट कानावर येतात, आणि अर्धवट ऐकू आलेलं म्हणजे नुसता गोंगाट. नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी चालवा, शेजाऱ्यांची यादी चॅनलसकट येईल. तिघांतला सर्वांत मोकळा निवडा. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून या कमांडांना लोकेशनची परवानगी लागते. 'लोकेशन परमिशन'ची तक्रार आली तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकेशन चालू करा.

राउटरच्या पानावर (पासवर्ड डब्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो) दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि २.४ची रुंदी 'ऑटो' न ठेवता २० करा.

खटपट्या

सकाळी बटण गायब होतं त्याबद्दल मी लिहितो. हा वेगळा आजार आहे, बेडरूमशी संबंध नाही.

पुढच्या वेळी गायब झालं की लगेच रीस्टार्ट करू नका. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली बघा. कार्ड दिसतंय पण पिवळा त्रिकोण आहे, कोड १० किंवा ४३: ड्रायव्हरला झोपेतून उठताना कार्डाशी बोलता आलेलं नाही. कार्ड यादीतच नाही: मदरबोर्डालाच ते दिसत नाहीये. कार्ड ठणठणीत आहे आणि तरी बटण नाही: विंडोज की दाबून सर्व्हिसेस.एमएससी उघडा आणि 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहे का, ते बघा.

पहिल्या प्रकारात अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असेल तर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची टिकमार्क काढा. टॅबच नसेल तर घाबरू नका. पॉवरसीएफजी /ए चालवा. उत्तरात 'एस० लो पॉवर आयडल' आलं तर लॅपटॉप नव्या पद्धतीने झोपतो आणि अशा मशिनांवर हा टॅब बहुतेक वेळा दिसत नाही. मग ड्रायव्हर हाच उपाय. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या नेमक्या मॉडेल नंबरचा घ्या. विंडोज अपडेटने बसवलेला नवा असेलच, पण नवा म्हणजे तुमच्या मशिनला मानवणारा असं नव्हे. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी.

दुसऱ्या प्रकारात, कार्ड यादीतच नसेल तर: शट डाउन, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो आणि कार्ड शून्यापासून सुरू होतं. साधं शट डाउन पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच बिघडलेली अवस्था परत वर काढतं. रीस्टार्टने येतं, शट डाउनने येत नाही, असं असेल तर नव्वद टक्के हेच. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणं काय करतात ते निवडा', तिथे फास्ट स्टार्टअप बंद.

नेटवर्क रीसेटबद्दल एक बोलतोच. कुणीही उठतो आणि तेच सांगतो. ते सगळे अडॅप्टर काढून तेच ड्रायव्हर पुन्हा बसवतं. जाता जाता व्हीपीएनची सेटिंग आणि व्हर्च्युअल स्विचही उडवतं. सॉफ्टवेअरचा गुंता असेल तर ठीक, पण हवेतला गोंगाट त्याने जात नाही. आधी अहवाल काढा, मग औषध.

अहवाल कसा काढायचा: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट. मागच्या ३ दिवसांचा पूर्ण इतिहास एका एचटीएमएल फाइलमध्ये येतो, फाइल कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं. त्यात 'डिस्कनेक्ट रीझन्स'चा तक्ता बघा. 'ड्रायव्हरने तोडलं' अशा अर्थाचं वाक्य आणि 'वापरणाऱ्याने तोडलं' हे दोन्ही वेगळे मोजलेले असतात.

पावसाळी

चाचण्या केल्या. मीटिंगमध्ये आवाज तुटला तेव्हा दोन्ही पिंग एकदम बिघडले. राउटरचाच पिंग ३०० ते ९००, मध्ये मध्ये 'टाइम्ड आउट'. 'जनरल फेल्युअर' एकदाही नाही.

अहवालात दिवसभरात तोडल्याची नोंद फार नाही, म्हणजे वायफाय तुटत नाहीये, जोडलेलं राहूनच अडकतंय. फास्ट स्टार्टअप बंद केलं आणि ड्रायव्हर मॉडेल नंबरवरून बसवला. झोपेतून उठल्यावर आता बटण दिसतं.

एक विचित्र गोष्ट दिसली. हार्ड डिस्कवर फाइल कॉपी चालू असली की पिंग हमखास बिघडतो आणि माउसही अडखळत चालतो. हबची वायर काढली की पिंग ३ ते ८. हब खराब आहे का?

ओहमचा_नियम

हब खराब असेलच असं नाही. यूएसबी ३ स्वतःच २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करतं.

यूएसबी ३ वायरीतून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा पाठवतं. त्या वेगाच्या सिग्नलची ऊर्जा शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते आणि तिचा काही वाटा २.४ ते २.५च्या पट्ट्यातही येतो. वायर, सॉकेट आणि डिस्कच्या डबीतून ती थोडी गळते. इंटेलने २०१२ मध्ये यावर पेपर काढला होता. जवळच्या यूएसबी ३ उपकरणामुळे या पट्ट्यातला गोंगाट २० डेसिबलच्या आसपास चढलेला त्यात मोजलाय. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. तुमचा सिग्नल आधीच उणे ६९वर, त्यावर हा गोंगाट चढला की राउटरचं बोलणं लॅपटॉपला ऐकूच येत नाही. सिग्नलचे दांडे मात्र तेवढेच दिसत राहतात. म्हणून फसगत होते.

माउस अडखळणं ही याची सगळ्यात स्वस्त चाचणी. त्याचा रिसीव्हरही २.४वरच चालतो, आणि तो त्याच हबवर डिस्कच्या शेजारी खोचलेला आहे.

उपाय क्रमाने. डिस्कची वायर लांब घेऊन डिस्क लॅपटॉपपासून निदान दोन-तीन फूट दूर, शक्यतो स्क्रीनपासून लांब, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला असतात. हब हिंजच्या बाजूला नको, पुढे किंवा उजवीकडे. वायर जाड, चांगल्या शिल्डिंगची. फुकट आलेली पातळ वायर बदला. माउसचा रिसीव्हर हबवरून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात. डिस्क फक्त बॅकअपला लागत असेल तर यूएसबी २च्या पोर्टात लावली तरी चालेल, वेग कमी मिळेल पण गोंगाट जाईल. आणि कायमचा उपाय, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे हा त्रास पोचत नाही.

तिथे मायक्रोवेव्हचाही त्रास नाही, तोही २.४५वर चालतो. जेवणाच्या वेळी नेट जातं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आधी स्वयंपाकघराची भिंत दाखवावी.

भाकरवडी

धागा हायजॅक करतोय, माफी. डेस्कटॉप आहे, वायफाय नाही. यूएसबी डोंगल घेऊ की आतलं कार्ड?

तारवाला

बोर्डावर पीसीआयई एक्स१ स्लॉट (कार्ड खोचायची छोटी खाच) मोकळा असेल तर कार्ड. त्याच्याबरोबर वायरवाली अँटेना येते, ती टेबलावर ठेवता येते. डोंगल घेतला तर कॅबिनेटच्या मागे खोचू नका. पत्र्याच्या आड आणि यूएसबी ३च्या पोर्टांच्या गर्दीत तो आंधळा होतो. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन डोंगल टेबलावर आणा. '६००' किंवा '१३००' लिहिलेलं बघून भुलू नका, ती दोन्ही बँडची बेरीज असते. ६००वाला म्हणजे साधारण १५० अधिक ४३३, एका अँटेनाचा. आणि बॉक्सवर 'ड्युअल बँड' लिहिलंय का, ते बघा.

एमपीएससी_अभ्यासिका

आमचा प्रश्न जोडून विचारतो. गावातली अभ्यासिका, पाळीपाळीने साठेक मुलं. संध्याकाळच्या बॅचला काहींच्या लॅपटॉपवर वायफाय 'जोडलं' दाखवतं पण नेट नाही. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होतो. पासवर्ड बरोबर आहे.

खटपट्या

पासवर्ड चुकला असता तर इथवर आलाच नसता, जोडणीच झाली नसती. १६९.२५४ म्हणजे लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला.

तुमच्याकडे पत्ते संपत असणार. बऱ्याच राउटरांत डीएचसीपीचा (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीचा) पल्ला १००पासून १४९पर्यंत असा असतो, म्हणजे ५० पत्ते, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवला जातो. सकाळच्या बॅचचे फोन आणि लॅपटॉप घरी गेले तरी त्यांचे पत्ते अडकलेले. त्यात एकेका पोराकडे दोन उपकरणं. शिवाय फोन आजकाल खरा मॅक पत्ता (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक) लपवून बनावट वापरतात. एखाद्याने नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं किंवा विंडोजमध्ये 'रोज बदला' ठेवलं की राउटरला तो नवा पाहुणा वाटतो आणि आणखी एक पत्ता जातो.

राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये पल्ला १९२.१६८.१.२०पासून १९२.१६८.१.२५०पर्यंत करा, म्हणजे २३१ पत्ते, आणि लीज टाइम (पत्ता राखून ठेवायची मुदत) २ तास. खात्री करायची असेल तर बदलाआधी एका अडलेल्या लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२४०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ द्या. नेट चालू झालं तर दोष डीएचसीपीचाच. चाचणी झाली की 'ऑटोमॅटिक'वर परत न्यायला विसरू नका, नाहीतर तो लॅपटॉप घरी गेल्यावर दुसऱ्या नेटवर्कात भलताच पत्ता घेऊन बसेल.

पत्ते वाढवूनही गर्दीत काही जण जोडलेच जात नसतील तर ती वेगळी मर्यादा आहे. अनेक घरगुती डब्यांत एका रेडिओवर ३२ उपकरणांचीच मुभा ठेवलेली असते. तिथे वायरने दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लागेल.

पावसाळी

डिस्क लांब नेली, माउस सुधारला. चॅनल ११ केला, नावं वेगळी केली. ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडल्यावर बेडरूममध्ये सिग्नल ५४ टक्के, रिसीव्ह रेट १३० ते १९५, स्पीड टेस्ट ८०-९०. मीटिंग चांगली चालते. पण मध्येच ५वालं नाव यादीतून एखादं मिनिट पूर्ण गायब होतं, फोनवरही. राउटर 'ऑटो'वर आहे, सध्या चॅनल ५६ दाखवतो.

तारवाला

५६ हेच कारण. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलांवर रडारही चालतात, म्हणून राउटरला तिथे नियम आहे. सुरू होण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं, आणि चालू असताना रडारसारखं काही जाणवलं की लगेच चॅनल सोडायचा. रडार खरंच असेल असं नाही, स्वस्त डब्याला भास होतात. मग तो दुसऱ्या चॅनलवर जाऊन पुन्हा मिनिटभर ऐकत बसतो, तेवढा वेळ नाव गायब.

'ऑटो' काढा. ३६ किंवा १४९ ठरवून ठेवा, या दोन्हींना हा नियम लागत नाही. दोन्ही करून बेडरूममध्ये सिग्नल मोजा. बऱ्याच राउटरांना १४९वर जास्त ताकदीने बोलता येतं, पण शेजारी तिथे दाटीने बसलेले असतील तर ३६ बरा. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपांना एखादा चॅनल दिसत नाही असं होतं: अमेरिकेतल्या मशिनांना २.४मधला १२ आणि १३, जपानमधल्यांना १४९ आणि त्याच्या वरचे. घरात असं कुणाचं मशिन असेल तर ३६ सुरक्षित.

आता राउटरची जागा. टीव्ही युनिटचा खालचा कप्पा ही वायफायसाठी घरातली जवळजवळ सगळ्यात वाईट जागा. टीव्हीच्या मागचा पत्रा, बाजूला सेट-टॉप बॉक्स, आणि पुढे बेडरूमची भिंत. त्या भिंतीला पलीकडून लोखंडी कपाट टेकवलेलं असेल तर ते आधी बघा, पत्रा दोन्ही बँड अडवतो. आरसीसीचा कॉलम किंवा बीम आड येत असेल तर ५ गिगाहर्ट्झला २.४पेक्षा जास्त फटका बसतो. डबा उघड्यावर, ५-६ फूट उंचीवर, दाराच्या रेषेत आणा. फायबरची पिवळी किंवा काळी वायर मात्र ओढू नका, कोपऱ्यात काटकोनात वाकवू नका. वळसा ३ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. वायर मुडपली की एलओएसचा (फायबरचा सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागतो आणि मग खरंच कंपनीचा माणूस बोलवावा लागतो.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर येताना क्षणभर वीज तुटते तेवढ्यानेही डबा रीस्टार्ट होतो, आणि पुढची दोन-तीन मिनिटं गेली. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस त्याला लावता येतो. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर बघा, यूपीएसचे त्याहून कमी नकोत, आणि पिनचा मधला भाग धन आहे ना, हेही.

पावसाळी

१४९ केला, ६१ टक्के झाला. डबा हलवायला फायबर पुरत नाही. जुना एक राउटर घरात पडून आहे, तो बेडरूममध्ये वापरता येईल का? की लॅपटॉपचं कार्डच दोन अँटेनाचं बसवू?

ओहमचा_नियम

कार्ड बदलण्याआधी मागचं झाकण उघडून अँटेनाच्या वायरी मोजा. एका अँटेनाचं कार्ड असलेल्या स्वस्त लॅपटॉपांत बऱ्याचदा वायरही एकच टाकलेली असते. मग दोन अँटेनाचं कार्ड घालून उपयोग अर्धाच. दोन वायरी असतील (बहुधा एक काळी, एक पांढरी किंवा करडी) तर कार्ड एम.२ २२३० मापाचं हवं. इंटेलमध्ये एएक्स२१० सर्वसाधारण पीसीआयई स्लॉटात चालतं, एएमडीच्या लॅपटॉपातही. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण ती फक्त इंटेलच्या ठरावीक चिपसेटवर चालतात, दुसऱ्या मशिनमध्ये घातली तर ओळखलीच जात नाहीत. बाजारात नेमकी हीच स्वस्तात मिळतात, म्हणून सांगितलं. वायरीचं टोक एमएचएफ४ प्रकारचं असतं, अगदी इवलंसं. बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा, मग टोक कार्डावर सरळ धरून बोटाने 'टक्' होईपर्यंत दाबायचं. तिरकं दाबलं की कड वाकते आणि मग ते कधीच घट्ट बसत नाही.

तारवाला

६१ टक्क्यांवर ८०-९० मिळत असेल तर कार्डाला हात लावू नका. जुना राउटर वायरने जोडा. रिपीटर म्हणून वापरू नका, तो त्याच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर बोलतो, वेग निम्मा होतो.

जुना राउटर आधी रीसेट करून लॅपटॉपला वायरने जोडा. त्याचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य डब्याच्या १९२.१६८.१.१शी भांडण नाही. हा पत्ता मुख्य डब्याच्या डीएचसीपी पल्ल्यात येत नाही ना, ते बघा. मग जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद. हे राहिलं तर घरात दोन जण पत्ते वाटत बसतील आणि अर्ध्या उपकरणांना चुकीचा गेटवे मिळेल. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य डब्याचेच ठेवा, चॅनल वेगळे: तिकडे ११ असेल तर इकडे १, तिकडे १४९ तर इकडे ३६. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस. टीकेआयपी हा जुना प्रकार निवडला तर ८०२.११एनचे वेग बंद होऊन ५४वर येऊन बसाल.

मग कॅट ६ची वायर मुख्य डब्याच्या लॅन पोर्टातून जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टात. वॅनमध्ये नाही, तो निळा किंवा पिवळा वेगळा पोर्ट रिकामाच राहू द्या. स्पीड टेस्टला आकडा ९४च्या आसपास येऊन अडकला तर राउटरचे पोर्ट १००चे आहेत, किंवा वायरीतल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, १००ला चारच पुरतात. पोर्ट तपासायचा असेल तर लॅपटॉप त्याच वायरीला लावून सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड बघा, १०००/१००० दिसायला हवं.